सत्तावीस डिग्रीचं होल

भोसरी एमआयडीसीत माणसाची पत पूर्वी शेडच्या चौरस फुटांवरून ठरायची. पुढे ती मशिनांच्या आकड्यावरून ठरू लागली. आता ॲक्सिसवर येऊन थांबली आहे. लग्नाच्या पंगतीत, बँक मॅनेजरच्या केबिनबाहेर, टेल्को रोडवरच्या टपरीवर, कुठेही दोन कारखानदार समोरासमोर आले की मुलाबाळांची चौकशी घाईघाईने उरकली जाते आणि मुद्द्याचा प्रश्न येतो, "मग, किती ॲक्सिस?" ज्याच्याकडे तीन असतात तो "सध्या तीनच" म्हणतो आणि त्या 'सध्या'वर जरा जास्त जोर देतो. चारवाला "फोर्थ लावून घेतलाय" असं सांगतो. लावल्यापासून तो कितीदा वापरला, हे सांगत नाही. पाचवाला काही बोलतच नाही. खिशातून मोबाईल काढतो आणि व्हिडिओ लावतो.

त्या व्हिडिओत इम्पेलर असतो. नेहमी इम्पेलरच. ॲल्युमिनियमचा चकचकीत गोळा, त्यातून हळूहळू उमलत जाणारी वळणदार पाती, टेबल एकीकडे कलतंय, टूल दुसरीकडून आत शिरतंय, आणि मागे इंग्रजी सिनेमात शहर उद्ध्वस्त होताना वाजतं तसलं संगीत. त्या मशीनमध्ये कूलंट नसतं, जमिनीवर कापलेल्या धातूचा बर नसतो आणि आसपास ऑपरेटरही नसतो. बघणारा भारावतो आणि सहा महिन्यांत स्वतःही तेच मशीन घेतो. मग त्याच्यावर काय चालतं? प्लेट. चार कोपऱ्यांना चार भोकं असलेली सपाट प्लेट. मशीनचा चौथा आणि पाचवा ॲक्सिस शून्यावर लॉक करून ती दिवसभर चालते, कारण हातात ऑर्डर प्लेटचीच असते. इम्पेलरची ऑर्डर व्हिडिओवाल्याकडेच राहिलेली असते.

मी कोटेशन बनवतो. म्हणजे ग्राहकाकडून ड्रॉइंग येतं, सोबत स्टेप फाईल येते, आणि हा जॉब कुठल्या मशीनवर, किती सेटिंगमध्ये, किती मिनिटांत होईल ते ठरवून मी खाली आकडा लिहितो. हा आकडा मालकाला कमी वाटतो, ग्राहकाला जास्त वाटतो आणि शॉपवरच्या लोकांना अशक्य वाटतो. तिघंही सारखेच नाराज असले की समजावं, आकडा बरोबर आहे. या खुर्चीवरून मला एक गोष्ट रोज दिसते. जॉबला कुठलं मशीन लागेल हे ठरवताना मालकाच्या हप्त्याला विचारतात, सेल्सवाल्याला विचारतात, शेजारच्या शेडमध्ये काय आणलंय ते भिंतीवरून डोकावून बघतात. जॉबला मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक त्याचं म्हणणं फार साधं असतं. मला कितीदा सोडणार आणि कितीदा पुन्हा पकडणार, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक्स, वाय आणि झेड हे तीन सरळमार्गी ॲक्सिस. डावं-उजवं, पुढे-मागे, वर-खाली. साध्या व्हीएमसीला, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनला, एवढेच असतात. एक्सभोवती फिरणाऱ्याला ए म्हणायचं, वायभोवती फिरणाऱ्याला बी आणि झेडभोवती फिरणाऱ्याला सी. यातले कुठलेही दोन मिळाले की पाच झाले. मग सहा का नकोत? मोकळ्या वस्तूला हलायच्या वाटा सहा असतात हे खरं, पण त्यातली एक म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणं. ते काम टूल बिचारं मिनिटाला हजारो वेळा करतंच असतं. म्हणून पाचात भागतं.

हे एवढं स्पष्ट असूनही बाजारात नऊ ॲक्सिस, अकरा ॲक्सिस अशा पाट्या दिसतात. त्यांची मोजायची रीत निराळी आहे: हलतं ते मोजायचं. टर्न-मिलवर दोन स्पिंडल असतात, वर एक टरेट, खाली एक टरेट, शिवाय फिरणारं मिलिंग हेड. प्रत्येकाचे आपापले ॲक्सिस. सगळ्यांची बेरीज केली की आकडा डोळे दिपवणारा होतो. बेंगळुरूच्या आयमटेक्स प्रदर्शनात एका स्टॉलवरचा उत्साही मुलगा ज्या वेगाने ॲक्सिस मोजत होता, तो पाहता त्याने मशीनचं दारसुद्धा धरलं असावं अशी मला शंका आहे. ते दार आपोआप उघडत होतं.

ॲक्सिसची ही हौस पहिल्यापासून नव्हती. उलट पहिलं मशीन आलं तेव्हा कुणाला ते नकोच होतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स या माणसाला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे नेमके आकार हवे होते, अमेरिकी वायुदलाला विमानांचे भाग हवे होते, आणि या गरजांतून एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन उभं राहिलं. तीन ॲक्सिस, आज्ञा द्यायला छिद्रं पाडलेली कागदी पट्टी आणि नियंत्रणाला व्हॅक्यूम ट्यूबनी भरलेली कपाटं. मशीन उत्तम चालायचं, पण कारखानदार म्हणाले, आमचे कारागीर काय वाईट आहेत? शेवटी सरकारनेच अशी मशीन विकत घेतली आणि कारखान्यांना वापरायला दिली. सरकारने मशीन घ्यावं, आपण फक्त वापरावं, हप्ता नाही, व्याज नाही! आमच्या मालकांना मी हा इतिहास सांगितला तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. पुढे १९५९च्या फेब्रुवारीत एमआयटीने अशा मशीनसाठी तयार केलेली एपीटी नावाची संगणकीय भाषा पत्रकारांपुढे मांडली आणि आलेल्या प्रत्येकाला तिच्या मदतीने कोरलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे भेट दिला. शीतयुद्ध, वायुदल, संगणक, आणि हातात काय, तर सिगारेट विझवायची सोय. तेव्हा पाच ॲक्सिसवर सपाट प्लेट मारणाऱ्या भोसरीकरांना हसायचं फारसं कारण नाही.

आता मथळ्यातल्या होलकडे येतो.

आमच्या मालकांनी ट्रनियन टेबलचं पाच ॲक्सिस मशीन घेतलं, पूजा झाली, पेढे झाले, व्हिडिओ झाला (इम्पेलरचाच, ब्लँक मशीनवाल्यांनी आणला होता आणि तयार इम्पेलर जाताना त्यांनीच नेला), आणि त्यानंतर जो पहिला नवा जॉब टेबलावर आला तो हा. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट, ६०६१ ग्रेडचा, साधारण १२० बाय ८० बाय ६० मिमी. सहाही बाजूंना काही ना काही काम. मधोमध ३० मिमीचा एच-सेव्हन बोअर. चार बाजूंना टॅपिंगची भोकं. आणि एका बाजूला, सगळ्यांपासून फटकून, सत्तावीस डिग्रीत कललेलं ६ मिमीचं एक होल. त्याची पोझिशन बोअरच्या संदर्भात ०.०५. महिन्याला नग चाळीस.

मीटिंग बसली. मीटिंग म्हणजे मालकांच्या केबिनमध्ये चार माणसं, तीन खुर्च्या आणि चहा. सेटर मामा उभे राहिले, कारण ते बसले की खाली कुठलं तरी मशीन अलार्म देतं, असा त्यांचा अनुभव आहे.

मामांचं म्हणणं, साध्या व्हीएमसीवर होतंय. मामांना सगळंच साध्या व्हीएमसीवर होतं. त्यांच्या मते पृथ्वीसुद्धा तीन ॲक्सिसवर झाली असती, फक्त फिक्स्चर नीट हवं होतं. "पाच सेटिंग सरळ बाजूंची आन् सहावं साईन बारवर," ते म्हणाले. "शंभरचा साईन बार, खाली पंचेचाळीस पॉइंट तीन नऊ नऊच्या स्लिपा. एक पॉइंट शून्य शून्य नऊ, एक पॉइंट एकोणचाळीस, अठरा आणि पंचवीस." सत्तावीस डिग्रीचा साईन तोंडपाठ असणारा आणि त्याच्या स्लिप गेज मनात जुळवणारा माणूस आता दुर्मीळ. मी मनोमन नमस्कार केला आणि गणित मांडायला घेतलं.

पोझिशन ०.०५ दिसायला ऐसपैस वाटते. पण ते वर्तुळ आहे, आणि ०.०५ हा त्याचा व्यास. म्हणजे होलचा मध्य आपल्या खऱ्या जागेपासून कुठल्याही दिशेला २५ मायक्रॉनपेक्षा जास्त सरकता कामा नये. आता जॉब एकदा व्हाइसमधून सोडला, बर झटकला, उलटा करून पुन्हा पकडला, डायल लावला, झिरो घेतला, की चांगल्या सेटरच्या हातूनही दहावीस मायक्रॉन इकडेतिकडे होणार. असं सहा वेळा. पहिल्या सेटिंगमध्ये घेतलेलं माप सहाव्यात पोचेपर्यंत त्याचं, गावभर फिरलेल्या निरोपाचं होतं तसंच होतं: निघताना 'आजीला जरा बरं नाही', पोचताना 'आजी गेली'. आणि हे महिन्यातून चाळीस नग, म्हणजे दोनशे चाळीस वेळा. मामा करतील, पण मामांची रजा असेल त्या दिवशी काय?

मामांच्या पलीकडे कॅमवाला पोरगा बसला होता. त्याला पाचही ॲक्सिस एकदम चालवायचे होते. सायमल्टेनियस. त्याने लॅपटॉपवर टूलपाथसुद्धा करून आणला होता आणि तो पाहणाऱ्याचं भान हरपावं असा होता. निळ्या-हिरव्या रेषा ब्रॅकेटभोवती अशा लपेटल्या होत्या की जॉब देऊन टाकावा आणि टूलपाथ फ्रेम करून ठेवावा. "एका फ्लोमध्ये सगळं होतंय, सर," तो म्हणाला.

"सपाट बाजू मारायला टेबल कशाला झुलवायचं रे?" मामांनी विचारलं.

पोरगा त्यांच्याकडे करुणेने बघत राहिला. पण प्रश्न मामांचाच बरोबर होता. पाचही ॲक्सिस एकाच वेळी हलत असतात तेव्हा रोटरीचे ब्रेक सुटलेले असतात आणि कटिंगचा सगळा मार मोटर अंगावर घेत असते. त्यापेक्षा टेबल हव्या त्या कोनात न्यायचं, ब्रेक लावून घट्ट करायचं आणि मग तीन ॲक्सिसवर मुकाट्याने काम करायचं. याला थ्री प्लस टू म्हणतात. मशीन तेच, पण खंबीर उभं. रफिंगला जास्त माल निघतो, फिनिश चांगला येतो आणि प्रोग्रॅमही कुणालाही वाचता येतो. पाच ॲक्सिस मशिनांवर होणाऱ्या कामातला मोठा भाग असाच, थांबून-थांबून होणारा असतो. पण ते व्हिडिओत बरं दिसत नाही. टेबल कललं आणि थांबलं, यावर कुणी संगीत लावत नाही.

"मग पाच ॲक्सिस घेऊन उपयोग काय?" पोराने विचारलं. मालकही माझ्याकडे बघू लागले. हा प्रश्न त्यांना अधिक भिडला होता.

उपयोग आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे. पहिला म्हणजे पकडणं-सोडणं वाचतं. ब्रॅकेटचा ब्लॉक खालून तीन-चार मिमीवर पकडला की पाच बाजू आणि ते कललेलं होल एकाच झिरोवरून होतं. बोअर आणि होल एकाच पकडीत झाल्यामुळे मधे निरोप्या कुणी राहतच नाही. मग एकदा उलटा करून सॉफ्ट जॉमध्ये धरायचा आणि खालचा उरलेला तुकडा उडवायचा. सहाच्या दोन सेटिंग. दुसरा उपयोग टूलच्या लांबीचा. खोल खाचेत सरळ उभं राहून कापायचं तर टूल लांब बाहेर काढावं लागतं, आणि बाहेर काढलेली लांबी दुप्पट झाली की त्याच जोराखाली ते आठपट वाकतं. जॉब कलता केला तर तेच काम आखूड टूलने होतं. बॉल नोजचं तर विचारूच नका. त्याच्या अगदी टोकाला वेग शून्य असतो. तिथे तो कापत नाही, घासतो. जरा कलवला की कडेने कापायला लागतो.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम दडपून ठेवली होती, ती मामांनी बाहेर काढली. होलचा कल एकाच दिशेला होता. म्हणजे ते फक्त एका ॲक्सिसभोवती फिरवलं की सरळ उभं राहत होतं. असल्या होलला पाच लागत नाहीत. कोपऱ्यात प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेला आमचा जुना फोर्थ पुरला असता. दोन दिशांना कललेलं होल असतं तर गोष्ट वेगळी. फोर्थवर तीन सेटिंग, फाइव्हवर दोन. फोर्थवाल्या मशीनचा तासाचा दर फाइव्हच्या निम्म्याहून कमी. मी कॅल्क्युलेटर काढला.

मालकांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "पाच तारखेला हप्ता आहे," ते म्हणाले.

या वाक्यावर भोसरीत अपील नाही. पाच ॲक्सिस मशीनचा हप्ता सुरू झाला की शेडमधला प्रत्येक जॉब पाच ॲक्सिसचा होतो. साधी स्पेसर रिंग असली तरी मालक ती हातात घेऊन उलटीसुलटी बघतात आणि म्हणतात, "हिला जरा टिल्ट करून बघू." शेजारी तीन ॲक्सिसचं, हप्ता कधीच फिटलेलं मशीन रिकामं उभं असतं. ते रिकामं उभं राहतं तोही खर्चच आहे, हे मी दर गुरुवारी सांगायचं ठरवतो. गुरुवार म्हणजे आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे ते सांगायचं राहून जातं.

तरी हे चाळीस नगांचं झालं. हेच ब्रॅकेट महिन्याला चार हजार लागले असते तर मी पाच ॲक्सिसचं नावही काढलं नसतं. एचएमसी, म्हणजे आडव्या स्पिंडलचं मशीन घ्या, टूमस्टोनच्या उभ्या ठोकळ्याला चारही अंगांनी जॉब लावा, दोन पॅलेट ठेवा. एक आत कापला जातोय तोवर ऑपरेटर दुसऱ्यावर माल चढवतो आणि बर आपोआप खाली पडतो. तिथे फिक्स्चरला लाखभर गेले तरी नगामागे रुपये वाटले जातात. जॉब मुळातच गोल असेल, म्हणजे शाफ्ट, फ्लँज, आडवी भोकं, चावीची खाच, तर तो टर्न-मिलचा. लेथवरून काढून मिलिंगवर नेण्यात त्याचा सेंटर हरवतो. पेनच्या रिफिलएवढा बारीक आणि लांब असेल तर स्विस टाइपचा. ही काही गूढ विद्या नाही. आकार काय, नग किती आणि कुठली दोन मापं एकमेकांना चिकटून राहायला हवीत, हे तीन प्रश्न आहेत. त्यातला तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ड्रॉइंगमध्ये असतं आणि ड्रॉइंग वाचावं लागतं.

ड्रॉइंग वाचणं हाही एक करुण प्रकार आहे. खालच्या चौकटीत 'इतर सर्व मापे अधिक-उणे ०.०१' असं छापलेलं असतं. ते कुणी ठरवलेलं नसतं. पूर्वी कुणीतरी बनवलेल्या टेम्प्लेटमधून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेलं असतं. त्यामुळे पावसाचं पाणी निघून जायला ठेवलेलं भोकसुद्धा १० मायक्रॉनमध्ये मागितलेलं असतं. पॉकेटचे आतले कोपरे काटकोनात, रेडियस शून्य. टूल गोल असतं, गोल फिरतं, आणि बंद पॉकेटच्या उभ्या कोपऱ्यात ते आपला गोलपणा मागे ठेवूनच बाहेर येतं. त्याला पाच काय, स्टॉलवरच्या त्या मुलाचे अकरा ॲक्सिस लावले तरी उपाय नाही. वायरकट करा, ईडीएम करा, नाही तर डिझाइनरला कोपऱ्यात तीन मिमीचा रेडियस द्यायला सांगा. यातला तिसरा उपाय फुकट असतो, म्हणून तो शेवटी आठवतो.

आणि एवढे मायक्रॉन मागून मशीन ठेवायचं कुठे, तर पत्र्याखाली. मे महिन्यात आमच्या शेडमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि सीएमएमच्या खोलीत वीस असतो. १०० मिमीचं ॲल्युमिनियम अंशामागे सव्वादोन मायक्रॉनहून जास्त हलतं. म्हणजे शेडमधला जॉब मोजणीच्या खोलीत जाऊन गार झाला की पंचेचाळीसेक मायक्रॉन आखडून घेतो. ऑपरेटर म्हणतो माप बरोबर होतं, क्वालिटीवाला म्हणतो अंडरसाइज आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. मशीनवर एवढे पैसे घातलेत, तर थोडे एसीवर घालू, असं मी सुचवलं होतं. मालकांनी ऑफिसला एसी बसवला.

पाच ॲक्सिसच्या बाबतीत आपण भोसरीकर थट्टा करतो, पण जगात यावरून हातोडे उगारले गेले आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने सोव्हिएत युनियनला प्रोपेलर कोरणारी नऊ ॲक्सिसची अजस्र मशीन विकली. नऊपैकी पाच एकाच वेळी चालणारे. नियंत्रणप्रणाली नॉर्वेच्या कोंग्सबर्गची. पाश्चात्त्य देशांनी अशा विक्रीवर घातलेली बंदी मोडून माल लेनिनग्राडला पोचला. प्रोपेलरची पाती गुळगुळीत आणि नेमकी झाली की पाणबुडीचा आवाज कमी होतो, आणि आवाज कमी झालेली पाणबुडी अमेरिकेला ऐकू येईना, असा आरोप झाला. (सोव्हिएत पाणबुड्या त्याआधीपासूनच शांत होऊ लागल्या होत्या, असं म्हणणारेही आहेत.) १९८७ साली प्रकरण फुटलं तेव्हा अमेरिकी काँग्रेसचे सदस्य संसदभवनाबाहेर हातोडे घेऊन जमले आणि त्यांनी चिडून तोशिबाचा रेडिओ-कॅसेट प्लेअर फोडला. मशीन फोडणं शक्य नव्हतं. ते लेनिनग्राडला होतं आणि हातोड्याला दाद देणारं नव्हतं.

त्या धास्तीची शेपूट अजून वळवळते. एकाच वेळी पाच किंवा जास्त ॲक्सिस चालवणाऱ्या मशिनांवर आजही आंतरराष्ट्रीय निर्यात-नियंत्रण आहे. आमच्या मालकांना मशीन घेताना लिहून द्यावं लागलं की याच्यावर क्षेपणास्त्रं, अण्वस्त्रं वगैरे बनवणार नाही. त्यांनी सही करताना छाती जरा पुढे काढली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडून एवढी अपेक्षा ठेवली होती. जपानहून येणाऱ्या बऱ्याच मशिनांत आणखी एक गंमत असते. मशीन जागेवरून हललं की आतला सेन्सर ते ओळखतो आणि ते बंद पडतं; बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन उघडून देईपर्यंत ढिम्म हलत नाही. शेडमध्ये वास्तुशास्त्रवाला आला आणि म्हणाला, हे ईशान्येला घ्या, तर काय करायचं? आमच्याकडे तो आला होता. म्हणाला होता. मालकांनी शेवटी गणपतीची तसबीर हलवली.

इम्पेलरबद्दल मात्र मी वाकडं बोलणार नाही. व्हिडिओ जाऊ द्या, पण ती पाती खरोखरच पाचही ॲक्सिस एकदम चालल्याशिवाय भरीव गोळ्यातून नीट निघत नाहीत. एक पातं पिळत-पिळत दुसऱ्याखाली शिरतं, आणि टूलला पुढच्या पात्याची पाठ न खरवडता मागच्याचं पोट कापायचं असतं; त्यासाठी त्याला क्षणाक्षणाला आपला कल बदलावा लागतो. जेट इंजिनचे ब्लिस्क, गुडघ्याचे कृत्रिम सांधे, टायरच्या साच्यांतले काही आकार यांचीही गत बहुधा तीच. तरीही टर्बोचार्जरची लाखांनी लागणारी चाकं पुष्कळदा ओतीवच असतात, कारण लाखांत गेल्यावर ओतणं स्वस्त पडतं. म्हणजे इम्पेलरलासुद्धा इम्पेलरचं मशीन दरवेळी लागतंच असं नाही. हे मी मालकांना सांगितलेलं नाही.

तर ब्रॅकेट. थ्री प्लस टू, दोन सेटिंग, असं ठरलं. पोराने टूलपाथ जड अंतःकरणाने डिलीट केला. मामांनी अट घातली की पहिला नग तेच लावणार. माझ्या मनात मात्र ते सत्तावीस डिग्री सलत राहिले. तीस नाही, पंचेचाळीस नाही, सत्तावीसच का? मी ग्राहकाच्या डिझाइन विभागात फोन लावला. मालकांनी स्पीकर ऑन करायला लावला.

"सर, ते जुन्या ड्रॉइंगमध्ये तसंच आहे," पलीकडचा तरुण आवाज म्हणाला.

"जुन्यात का होतं?"

कीबोर्ड वाजला. बराच वेळ वाजला. "सर, जुन्या असेंब्लीत तिथून एक पाइप जायचा. त्याला चुकवायला होल तिरकं घेतलं होतं."

"आणि आता तो पाइप?"

"तो काढला, सर. माझ्या जॉइनिंगच्या आधीच."

मी मालकांकडे बघितलं. मालक छताकडे बघत होते. "मग सरळ करू का होल?" मी विचारलं. "किंमत बरीच कमी होईल. साध्या मशीनवर होईल."

"होईल ना, सर," तो उत्साहाने म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "फक्त रिव्हिजन काढावी लागेल. डिझाइनची सही, क्वालिटीची, परचेसची, मग आमच्या कस्टमरचं अप्रूव्हल, ते जर्मनीत आहेत, मग परत सॅम्पल, परत पीपीएपी. आठ-नऊ महिने धरा. त्यापेक्षा सर, तुमच्याकडे फाइव्ह ॲक्सिस आहे ना?"

"आहे की!" मालक माझ्या आधी बोलले.

मी कोटेशन पाठवलं. त्यात त्या होलची किंमत वेगळ्या ओळीत दाखवली, म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांवर येईल. ती परचेसच्या डोळ्यांवर आली. दुसऱ्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं: इतर सर्व दर मान्य आहेत, मात्र सत्तावीस डिग्रीच्या होलचा दर फार जास्त वाटतो, हे होल खरोखरच आवश्यक आहे का, ते कृपया आपण आमच्या डिझाइन विभागाला विचारून आम्हाला कळवावे.